निपाणीतला लाकडी घाणा: युद्धाच्या महागाईत घरच्या शेंगांचं तेल काढून घ्यावं का?

घरच्या भुईमुगाच्या शेंगा असतील तर निपाणीतल्या या घाण्यावर डोळे झाकून जा. दाणे बाजारातून विकत आणून तेल काढायचा विचार असेल तर आधी खाली दिलेला हिशेब मांडा, मग ठरवा. आणि युद्धाच्या बातम्या ऐकून वर्षाचं तेल एकदम काढून ठेवायचं मनात असेल तर तसं करू नका. त्याचं कारण पुढे सविस्तर दिलं आहे, कारण गेल्या काही वर्षांत याच एका चुकीने आपल्या भागातल्या घरांत सगळ्यात जास्त तेल वाया गेलेलं आहे.

परक्या देशातल्या लढाईचा निपाणी-चिकोडीच्या किराणा दुकानाशी काय संबंध, असं २०२२ पर्यंत कोणी विचारलं असतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि उत्तर मिळालं. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यातलं सूर्यफुलाचं तर बहुतेक सगळं त्या वेळी या दोनच देशांतून यायचं. ओडेसा, मिकोलाइव ही युक्रेनची काळ्या समुद्राकडची बंदरं बंद झाली आणि भरलेला माल तिकडेच अडकला. त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, ती २३ मेपर्यंत बंदच होती. कर्नाटकात घरोघरी सूर्यफुलाचं पाकीट लागतं, त्यामुळे आपल्याकडे झळ जास्त बसली. सूर्यफूल महागलं म्हणून लोक सोयाबीन आणि पामकडे वळले, मग तेही चढलं. शेंगतेल तर देशातच होतं, तरी त्याचाही भाव हलला, कारण गिऱ्हाईक एका तेलावरून उठलं की दुसऱ्यावर जाऊन बसतं.

सरकारने साठ्यावर मर्यादा घातली होती: किरकोळ दुकानदाराला खाद्यतेल ३० क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल. २४ मे २०२२ ला सोयाबीन आणि सूर्यफुलाचं कच्चं तेल वर्षाला प्रत्येकी २० लाख टन, दोन वर्षं, विनाशुल्क आणायला परवानगी दिली. जुलैत काळ्या समुद्रातून युक्रेनचं धान्य बाहेर काढायचा करार झाला, तोही १७ जुलै २०२३ ला संपला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लागलं, मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आलं. म्हणजे भाव फक्त तोफांनी हलत नाही, कागदानेही हलतो. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा देशभर टंचाईच्या अफवा उठल्या. केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी, आपल्या शेजारच्या धारवाडचे खासदार, यांना धान्याचा साठा भरपूर आहे आणि साठेबाजी करू नका असं जाहीर सांगावं लागलं होतं.

अशा दिवसांत छोट्या गावातलं दुकान कसं वागतं ते सगळ्यांना माहीत आहे. उधारी आखडते, डबा सांगितला की पाकीट मिळतं, पाकीट सांगितलं की छोटं पाकीट मिळतं. लोकांचे पाय घाण्याकडे वळतात ते इथून.

आता घाण्याबद्दल. निपाणीच्या बाजारपेठेच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये दोन लाकडी घाणे शेजारी-शेजारी आहेत. पाटी कन्नड आणि मराठी दोन्हींत आहे. अकोळ, गळतगा, सौंदलगा, भोज इकडून लोक येतात, आणि कोगनोळी नाका ओलांडून कागलकडचेही येतात. शेंगा फोडायचं यंत्र त्याच शेडमध्ये आहे, ही मोठी सोय. नाहीतर शेंगा एकीकडे फोडायच्या, दाणे दुसरीकडे न्यायचे, यात पोती बदलतात आणि भांडणं होतात.

घाणा मोटरीवर चालतो, बैलावर नाही. उखळाचा आतला भाग आणि मधली लाट (दाणे चिरडणारा दांडा) लाकडाची, बाहेरून लोखंडी पट्ट्या. वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, मिनिटाला पंधराच्या आसपास फेरे. लोखंडी एक्सपेलरमध्ये दाणा जोरात दाबला जातो, तापतो, आणि पेंडीत तेल फारच थोडं, सहा-आठ टक्के उरतं. लाकडी घाण्यात तेल कोमट राहतं, वास टिकतो, पण पेंडीत बारा-चौदा टक्के तेल राहून जातं. वास हवा असेल तर उतारा कमी मिळणार, हे आधीच मान्य करून घ्या. "दाणे इतके टाकले आणि तेल एवढंच?" ही घाण्यावरची रोजची तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा त्यात घाणेवाल्याची लबाडी नसते.

उतारा असा मोजा. वाळलेल्या ४० किलो शेंगांतून साधारण २८ किलो दाणे निघतात. शंभरला सत्तर हे चांगल्या, भरलेल्या शेंगांचं प्रमाण. पोचट शेंगा असल्या तर साठ-बासष्टवर येतं. त्यातून किडके, काळे, सुरकुतलेले निवडून काढले की २७ किलो धरा. जेएल-२४ किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठाची जीपीबीडी-४ यांसारख्या वाणांच्या दाण्यात ४८ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. लाकडी घाण्यावर त्यातलं दाण्याच्या वजनाच्या ४० टक्के हाती लागलं तर काम चोख झालं. २७ किलोला १०.८ किलो तेल, म्हणजे जवळजवळ पावणेबारा लिटर. एका लिटरला सव्वादोन ते अडीच किलो दाणे, हा आकडा डोक्यात ठेवा. तीन किलोवर गेलं तर दाणा ओला होता, पोचट होता, किंवा घाणा नीट बसला नाही.

किलो आणि लिटर यांची गल्लत इथेही होते आणि किराणा दुकानात तर त्याहून जास्त होते. एक लिटर शेंगतेल सुमारे ९१० ते ९१५ ग्रॅम भरतं. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा यांत जवळजवळ एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा फरक पडतो. महागाईच्या दिवसांत दुकानात डब्याचा भाव "कालचाच" राहतो आणि किलोचं लिटर झालेलं असतं. तेल तापलं की फुगतं, म्हणून काही कंपन्या पाकिटावर "६० अंशाला १ लिटर" असं लिहून वजनात कमी देत होत्या. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९३. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने तापमान न लिहिता लिटर आणि वजन दोन्ही छापा असं बजावलं. आता पाकीट घेताना लिटर बघू नका, ग्रॅम बघा. ८५०, ८०० अशी पाकिटंही एक लिटरच्या रांगेत उभी असतात.

या घाण्याचं खरं मोल तोलण्यात आहे. दाणे तुमच्यासमोर तोलतात, तेल तुमच्यासमोर तोलतात, आणि पेंडही तोलून तुमच्या पोत्यात भरतात. तिन्ही वजनं पावतीवर येतात. काट्यावर त्या वर्षाचा वैधमापनाचा शिक्का असतो, तो बघायला लाजू नका. तेल आणि पेंड यांची बेरीज दाण्याच्या वजनाजवळ यायला हवी. २७ किलो दाण्यांना १०.८ किलो तेल आणि १६ किलोच्या आसपास पेंड. घाण्यात शिंपडलेलं पाणी पेंडीत उतरतं, म्हणून पेंड थोडी इकडे-तिकडे होते. पण बेरजेत दोन-अडीच किलो गायब असतील तर विचारा. काही घाण्यांवर घाणावळ, म्हणजे तेल काढायची मजुरी, स्वस्त सांगतात आणि पेंड ठेवून घेतात. म्हैस असलेल्या घराला तो तोट्याचा सौदा आहे.

शेंगा घाण्यावर नेण्याआधी दोन गोष्टी घरी करायच्या असतात, आणि त्यातच सगळं तेल ठरतं.

पहिली वाळवण. दाण्यात ओल सहा-सात टक्के असावी. यंत्र नको, शेंग कानाशी हलवली की खुळखुळली पाहिजे, दाणा चिमटीत चोळला की लाल साल सुटलं पाहिजे, दाताखाली कटकन मोडला पाहिजे. चेपला तर ओला आहे. ओल्या दाण्याचा घाण्यात चिकट लगदा होतो आणि तेल त्यातच अडकतं. उलट उन्हाळी शेंगा मे महिन्यात पत्र्यावर करपून टाकल्या तर दाण्याचा कोरडा भुगा होतो, पेंड बसत नाही, मग घाणेवाला पाणी जास्त घालतो आणि तेल गढूळ होतं. फोडताना दाणे फुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी मारायची पद्धत आहे. बियाण्यासाठी असेल तर समजण्यासारखं आहे, तेलासाठी कशाला? दाणा फुटला तरी दोन दिवसांत घाण्यात जाणार असेल तर काही बिघडत नाही, ओला झाला तर मात्र बिघडतं.

दुसरी गोष्ट निवड, आणि इथे आळस नको. शेंग भरायच्या वेळी पावसाने दडी मारली, किंवा काढणीनंतर ढीग ओला राहिला, की दाण्यावर पिवळसर हिरवी बुरशी धरते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे, आणि भाजल्या-तळल्याने पुरतं जात नाही. कारखान्यात तेल शुद्ध करताना ते निघून जातं, घाण्याच्या तेलातून काढायची काही सोय नाही. विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, पेंड म्हैस खाते, आणि त्याचा अंश दुधात उतरतो. म्हणून काळे, बुरशी धरलेले, सुरकुतलेले, चवीला कडू दाणे बाजूला काढा आणि ते पेंडीत नाही, कोंबडीलाही नाही, खड्ड्यात टाका. या घाण्यावर बुरशीचा माल दिसला तर परत पाठवतात. गिऱ्हाइकाला राग येतो, पण हे काम ते बरोबर करतात.

घाण्याचं काम समोर उभं राहून बघण्यासारखं आहे. एका घाण्यात १५ किलोच्या आसपास दाणे बसतात आणि पाऊण ते एक तास लागतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसता भुगा फिरतो, वाटतं तेल येणारच नाही. मग भुग्याला ओलसर चकाकी येते. त्या क्षणी घाणेवाला मूठ-दोन मूठ टरफलं टाकतो, म्हणजे भुग्याला पकड येते, आणि कोमट पाणी शिंपडतो, एका घाण्याला पाव ते अर्धा लिटर. पाणी एकदम ओतायचं नसतं, हाताने शिंपडायचं असतं. पाणी बसलं की भुगा उखळाच्या कडेला थापला जातो, त्याची भिंत तयार होते, आणि मध्ये लाटेच्या बुडाशी तेल साचू लागतं. ही भिंत घट्ट बसणं हेच सगळं कौशल्य. पाणी कमी पडलं तर भिंत ढासळते आणि तेल भुग्यात परत मुरतं. जास्त झालं तर तेल ताकासारखं पांढुरकं निघतं आणि महिन्याभरात खवट होतं. तुमचं तेल पांढुरकं दिसलं तर तिथेच सांगा, डब्यात भरून घरी आणल्यावर उपयोग नाही.

घाण्यावर तुमच्या आधी काय काढलं होतं ते विचारा. शेंगदाण्याला एक घाणा वेगळा आहे, दुसऱ्यावर तीळ, करडई, खोबरं, कारळे आणि जवस निघतात. जवसानंतर लगेच तीळ काढले तर पहिल्या लिटरला जवसाचा वास मारतो. सकाळचा पहिला नंबर तिळाचा, मग करडई, शेवटी कारळे-जवस, असा क्रम इथे पाळतात. गर्दीच्या दिवसांत मात्र तो मोडतो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, खरिपाच्या शेंगा निघाल्या की इथे रेटारेटी असते, आणि उन्हाळी शेंगांच्या वेळी, मे-जूनमध्ये, पुन्हा. तीळ-करडईवाल्यांनी हे महिने टाळलेले बरे.

तेल घरी नेल्यावर लगेच कढईत घालू नका. ताज्या तेलात दाण्याचा बारीक गर आणि चिकट अंश असतो, त्याने कढईत फेस उठतो, उतू जातो, आणि "तेलात भेसळ आहे" अशी हाकाटी होते. स्टीलच्या उभ्या भांड्यात तीन-चार दिवस न हलवता ठेवा. वरचं निवळलेलं तेल अलगद ओतून घ्या, तळाचा गाळ वेगळा करा. बारा लिटरला अर्धा-पाऊण लिटर गाळ बसतो. तो चटणीत, भाकरीला लावायला चांगला लागतो, पण आठवड्यात संपवा. हे तेल पाकिटातल्या तेलापेक्षा लवकर धूर सोडतं, म्हणून पुऱ्या-वडे मध्यम आचेवर तळा आणि कढई अर्धीच भरा.

भांड्याची गोष्ट गंभीर आहे. घाण्यावर लोक शेतातले जुने प्लास्टिकचे कॅन घेऊन येतात. त्यात पूर्वी कीटकनाशक किंवा तणनाशक असलं तर कितीही धुतलं तरी ते भांडं खाण्याच्या तेलाला वापरायचं नाही. असे कॅन दिसले तर घाण्यावर भरून द्यायला नकार द्यायला हवा. या घाण्यावर कधी देतात, कधी देत नाहीत, समोरचा माणूस कोण यावर ठरतं. हा मोठा दोष आहे. स्टीलचा डबा आणा, आतून उन्हात वाळवलेला. तळाशी पाण्याचे चार थेंब राहिले तरी तेल लवकर खवट होतं.

पैशाचा हिशेब. आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत, त्या दिवसाचा भाव तुम्ही घाला. समजा दाणे ११० रुपये किलो, घाणावळ १२ रुपये किलो, पेंड ४० रुपये किलो. एका लिटरला अडीच किलो दाणे म्हणजे २७५ रुपये, घाणावळ ३० रुपये, एकूण ३०५. पेंड दीड किलो, तिचे ६० रुपये वजा. तेल पडलं २४५ रुपये लिटर. सूर्यफुलाचं पाकीट युद्धात चढलं तरी विकतच्या दाण्यांचं घाण्याचं तेल त्याच्याखाली येत नाही, कारण दाण्याचा भावही त्याच वेळी चढलेला असतो. ज्याला स्वस्त तेल हवं त्याने दाणे विकत आणून घाण्यावर येऊ नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. ज्याच्या घरी शेंगा आहेत त्याचं गणित वेगळं. त्याने हाच भाव शेंगा विकल्या असत्या तर काय मिळालं असतं याच्याशी लावून बघावा. काढणीच्या हंगामात शेंगांचा भाव पडलेला असतो आणि तेव्हाच व्यापारी उचलतो. त्या वेळी घरापुरत्या शेंगा ठेवून बाकीच्या विकणाऱ्याला घाणा नक्की परवडतो, आणि पेंड गोठ्यात गेली तर आणखी परवडतो.

आता साठवणीचं. पाच माणसांच्या घरात माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल धरलं तर महिन्याला पावणेचार किलो, म्हणजे चार लिटरच्या जरा वर लागतं. ४० किलो शेंगांचं तेल या घराला पावणेतीन महिने पुरतं. घाण्याचं तेल अंधाऱ्या, थंड जागी, तोंड घट्ट लावून तीन-चार महिने चांगलं राहतं. त्यापुढे वास बदलतो. म्हणजे एका खेपेला ४० किलो शेंगा हे माप बरोबर जुळतं. युद्ध पेटलं म्हणून शंभर-दीडशे किलो शेंगांचं तेल एकदम काढणाऱ्या घरात पाचव्या-सहाव्या महिन्यात खवट तेल दिव्याला जातं.

साठवायचंच असेल तर शेंगा साठवा. टरफलात दाणा सगळ्यात सुरक्षित असतो. फोडलेला दाणा दोन-तीन महिन्यांत खवट व्हायला लागतो, तेल त्याच्यापाठोपाठ, पण नीट वाळलेली शेंग पुढच्या काढणीपर्यंत राहते. पोती जमिनीवर नाही, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. खताची पोती त्या खोलीत नकोत. दीड-दोन महिन्यांनी एक पोतं उघडून बघा. टरफलाला गोल भोक आणि आसपास पिठूळ भुसा दिसला तर भुंगा लागला, त्या शेंगा आधी घाण्यावर न्या आणि बाकीच्यांना दोन दिवस कडक ऊन द्या. पावसाळ्यात मात्र दमट हवेत पोतं उघडं टाकू नका. तीन महिन्यांनी एकदा घाणा, हीच सवय लागली तर दुकानात पाकीट असो-नसो, घराला कळतसुद्धा नाही.

पेंडीचंही असंच. घाण्यातून निघालेली पेंड कोमट आणि ओलसर असते. तशीच पोत्यात कोंबली तर पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरते, आणि मग तेच अफ्लाटॉक्सिन. घरी नेल्याबरोबर सावलीत पसरून, फोडून वाळवा, मग भरा. म्हशीला द्यायची ती आधी भिजवून द्या. नवी सुरू करताना अर्ध्या किलोने सुरुवात करा, एकदम दोन किलो घातली तर पोट बिघडतं.

घाण्यावर बाटलीबंद तेलही विकायला असतं. सुटं खाद्यतेल विकायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, राज्याने खास सूट दिली असेल तेवढंच वगळून. तुमच्या दाण्यांचं तेल काढून देणं ही मजुरी झाली, ते वेगळं. बाटली विकत घेणार असाल तर चौदा आकडी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि वजन बघा. इथल्या बाटल्यांवर तिन्ही असतं, तारीख मात्र कधी-कधी पुसट असते. फ्रीजमध्ये ठेवून भेसळ ओळखायची युक्ती लोक सांगतात, तिच्यावर विसंबू नका. शेंगतेल स्वतःच फ्रीजमध्ये गढूळ होऊन घट्ट होतं. तुमच्या दाण्यांचं, तुमच्यासमोर निघालेलं तेल हीच काय ती खात्री.

बाकीच्या तक्रारी. वीज गेली की दोन्ही घाणे थांबतात आणि अर्धवट निघालेला घाणा थंड झाला की उतारा पडतो. पुन्हा सुरू करताना पाणी जास्त लागतं. जनरेटर नाही, तो हवाच. बसायला जागा नाही, म्हाताऱ्या माणसांना दोन तास उभं राहावं लागतं. फोनवर नंबर लावून घेतात, पण नंबरची वेळ पाळली जात नाही. घाणावळीचा दर पाटीवर लिहिलेला असतो, ही चांगली गोष्ट, मात्र शेंगा फोडायचा दर वेगळा असतो आणि तो पाटीवर नसतो. तो आधी विचारा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने ४० किलोपेक्षा कमी शेंगा नेऊ नयेत. एका घाण्याला १५ किलोच्या आसपास दाणे भरले नाहीत तर लाटेला पकड मिळत नाही आणि चार-पाच किलो दाण्यांचं तेल पेंडीतच राहतं. तेवढ्या शेंगा नसतील तर शेजाऱ्याबरोबर मिळून न्या, पण दोघांच्या शेंगा सारख्या वाळलेल्या आहेत का ते आधी बघून. सकाळी साडेनऊच्या आत पोचा, दोन स्टीलचे डबे, पेंडीला एक कोरडं पोतं आणि एक झाकणाचं भांडं गाळासाठी घेऊन.